दाताचा फोटो : केव्हा काढावा, केव्हा काढू नये





या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, हुमणी, बेणेमळा, पाचट यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने दातांवर लिहावे हे काहींना खटकेल. "साहेबांनी आता दवाखाना टाकला काय?" असेही कुणी म्हणेल. पण जे घडले ते माझ्या डोळ्यांसमोर घडले, आणि त्यावरचे प्रश्न सभासदांनी गट ऑफिसात येऊन मलाच विचारले. उत्तरे ठाऊक नव्हती म्हणून दोन-तीन दंतवैद्यांकडे जाऊन बसलो, मिळेल ते वाचले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या कार्यस्थळावर दंत तपासणी शिबिर झाले. नावनोंदणीच्या टेबलावर मी आणि शेतकी खात्यातील दोघेजण होतो. बाहेरून आलेल्या दंतवैद्यांनी बॅटरीच्या उजेडात, लहान आरसा घालून प्रत्येकाचे तोंड नीट पाहिले. बहुतेकांना तिथल्या तिथे सल्ला दिला. थोड्यांना मात्र चिठ्ठी दिली, की तालुक्याला जाऊन अमुक दाताचा एक्स-रे काढून घ्या.

दुपारपर्यंत माझ्या टेबलाशी दोन प्रकारच्या तक्रारी जमा झाल्या. चिठ्ठी न मिळालेले म्हणत, "आमचा फोटो न्हाई काढला, म्हंजी तपासणी कसली ही? नुसतं तोंडात डोकावलं आन् झालं!" आणि चिठ्ठी मिळालेले म्हणत, "सायेब, त्या किरनांनी क्यान्सर हुतो म्हनं. एका दाढंपायी जीव घालवू व्हय?" संध्याकाळी मांडव उतरवताना त्यातली एक चिठ्ठी मला सापडली. तिची घडी घालून कुणी तरी चुना बांधला होता.

एका सभासदाची हकीगत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. त्यांना खालच्या दाढेच्या फोटोची चिठ्ठी मिळाली होती. ती सदऱ्याच्या खिशात राहिली, सदरा खुंटीवर राहिला. ठणका लागला की मेडिकलमधून गोळी आणायची, ठणका थांबला की विसरायचे. जानेवारीत, त्यांच्याच उसाला तोड चालू असताना, गाल सुजला. दोन दिवसांत सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. रात्री गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. डॉक्टरांनी मानेला चीर देऊन पू काढला. अशी सूज वाढत गेली तर श्वासाची वाट दबते आणि माणूस दगावू शकतो, हे घरच्यांना तिथे कळले. आमचे सभासद वाचले. परत आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "साहेब, तवाच फोटो काढला असता तर?"

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा लेख.

१. फोटो म्हणजे नेमके काय?

एक्स-रे म्हणजे क्ष-किरण. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी ते प्रथम ओळखले. किरणांचे स्वरूप कळेना, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले, 'क्ष'. या शोधासाठी १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

दातांच्या यंत्रात काचेची एक नळी असते. तीत तापलेल्या तारेतून निघालेले विजेचे कण मोठ्या दाबाने, साधारण साठ-सत्तर हजार व्होल्टने, टंगस्टन धातूच्या तुकड्यावर आदळतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. म्हणजे हे किरण वीज आहे तोवरच. बटण सोडले की किरण संपले. विजेचा दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच हे.

तोंडात दाताच्या मागे लहान फिल्म किंवा हल्ली डिजिटल सेन्सर ठेवतात. गाल, हिरडी यांतून किरण सहज पार जातात. दात व हाड टणक, चुनखडीयुक्त. ते किरण अडवतात, म्हणून फोटोत पांढरे दिसतात. धातूची भरणी सर्वांत पांढरी दिसते. कीड लागून दात पोखरला असेल, मुळाशी पू होऊन हाड विरघळले असेल, तर तिथे काळी छाया पडते.

आमच्या सभासदाच्या दाढेत नेमके हेच झाले होते. वरून लहानसे भोक आणि खाली मुळाशी पुवाची पिशवी. खोडकिडा लागलेला ऊस बाहेरून हिरवा दिसतो, पण सुरळी ओढली की आतला कुजका वास येतो, त्यातलाच प्रकार. आरशाला मूळ दिसत नाही. ते दाखवण्यासाठीच चिठ्ठी होती.

२. भीती आली कुठून?

ही भीती अगदी निराधार नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. ती ज्या काळातून आली तो काळ मात्र मागे पडला आहे.

राँटगेन यांचा शोध जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांसमोर बसावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या एका अंशात होते.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे दंतवैद्य एडमंड केल्स हे दातांच्या एक्स-रेचे तिथले आद्य प्रवर्तक. यंत्र नीट चालते की नाही हे बघण्यासाठी त्या काळी डॉक्टर स्वतःचाच हात किरणांत धरीत. रोग्याच्या तोंडातील फिल्मही बोटांनी धरीत. केल्स यांनी वर्षानुवर्षे हे केले. पुढे हाताला कर्करोग झाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, बोटे गेली, मग हात गेला. १९२८ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच गिनीपिगांवर प्रयोग करून धोक्याचा इशारा दिला होता. यंत्राला शिशाचे आवरण करा, झोत लागेल तेवढाच बाहेर सोडा, असे ते सांगत होते. बहुतेकांनी ऐकले नाही.

केल्स गेले त्याच १९२८ साली स्टॉकहोम येथे किरणांपासून संरक्षणाचे नियम सुचवणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले, त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. दातांचे एक्स-रे यंत्रसुद्धा या मंडळाच्या देखरेखीखाली येते. यंत्र मान्यताप्राप्त नमुन्याचे असावे लागते आणि दवाखान्याने मंडळाकडे नोंद करावी लागते.

या इतिहासातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, किरण हा खेळ नाही. दुसरी, ज्यांचे हात गेले ते रोज, तासन् तास, उघड्या झोतात हात धरणारे होते. वर्षातून एखाद-दुसरा फोटो काढणाऱ्याला त्यांच्या रांगेत बसवणे बरोबर नाही.

३. सगळा प्रश्न मात्रेचा

शेतकऱ्याला मात्रा समजावून सांगावी लागत नाही. युरिया मापात टाकला तर पीक तरारते, ढिगाने टाकला तर जळते. किरणांचेही तसेच. 'किरण आहेत की नाहीत' हा प्रश्न अर्धवट आहे. 'किती आहेत' हे विचारले पाहिजे.

शरीराला होणाऱ्या परिणामाच्या हिशोबाने किरण मोजण्याचे एकक आहे सिव्हर्ट. ते फार मोठे, म्हणून त्याचा हजारावा भाग मिलिसिव्हर्ट आणि दहा लाखावा भाग मायक्रोसिव्हर्ट वापरतात.

आता मूळ मुद्दा. आपण कोणताही फोटो न काढता घरी बसलो तरी आपल्यावर किरण पडतच असतात. जमिनीतून, खडकांतून, आकाशातून, घरातील हवेतून आणि अन्नातून. आपण उसाला घालतो त्या पोटॅशच्या पोत्यातही निसर्गतःच किंचित किरणोत्सर्ग असतो, कारण पोटॅशियमचा एक सूक्ष्म अंश मुळातच तसा आहे. या नैसर्गिक किरणांची जगाची सरासरी माणशी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट धरतात. त्या मापाशी ताडून पाहू. आकडे स्थूलमानाने आहेत, यंत्राप्रमाणे कमी-जास्त होतात.

तोंडात फिल्म ठेवून काढलेला एक-दोन दातांचा लहान फोटो : पाच मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. म्हणजे सुमारे एका दिवसाचे नैसर्गिक किरण.

दोन्ही जबड्यांचा एकत्र मोठा फोटो, ज्याला दवाखान्यात 'ओपीजी' म्हणतात : दहा ते पंचवीस मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे दोन ते चार दिवसांचे.

जबड्याचा त्रिमिती स्कॅन, ज्याला 'सीबीसीटी' म्हणतात : काही दशकांपासून काही शेकडा मायक्रोसिव्हर्ट, मोठ्या भागाचा काढल्यास त्याहून अधिक. म्हणजे आठवड्यांचा, प्रसंगी महिन्यांचा हिशोब.

मोठ्या दवाखान्यातील डोक्याचा सीटी स्कॅन : सुमारे दोन मिलिसिव्हर्ट. म्हणजे दहा महिन्यांचा.

यावरून दिसेल की 'फोटो' या एकाच शब्दाखाली किती वेगवेगळी मापे येतात. लहान फोटोला घाबरून पळणे जसे चुकीचे, तसे 'फोटोच तो' म्हणून स्कॅनही सहज काढून टाकणे चुकीचे.

एवढ्या थोड्या मात्रेने अपाय होतो काय? तो इतका कमी असतो की मोजून दाखवता येत नाही. तरीही तज्ज्ञांनी सावधगिरीचे धोरण ठेवले आहे : अगदी थोड्या मात्रेलाही थोडा धोका आहे असे समजूनच वागावे. म्हणून गरज असेल तरच फोटो, आणि काढायचा तर काम होईल एवढ्या कमीत कमी मात्रेत. सगळे शास्त्र या एका वाक्यात आले.

काही सभासद विचारतात, "किरण अंगात साठतात का?" साठत नाहीत. याचा पुरावा आपल्या ताटात आहे. लासलगावला २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात. त्या मात्रेपुढे दाताचा फोटो म्हणजे काहीच नव्हे. तरी तो कांदा किरणोत्सर्गी होत नाही आणि आपण तो भाकरीबरोबर खातो. ट्रॉम्बेच्या भुईमुगाचे वाण किरणांच्या माऱ्यातून मिळालेल्या बियाण्यापासून पुढे तयार झाले, आणि त्यांच्या शेंगा भाजून खाताना कुणी भीत नाही. किरण येतात, आपले काम करतात आणि जातात. मागे राहते ती धोक्याची लहानशी शक्यता. पण ती दर फोटोगणिक थोडी वाढते, म्हणून विनाकारण फोटो नको.

४. आधी तोंड, मग फोटो

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलीची दाढ दुखत होती म्हणून शहरातील एका दवाखान्यात नेले. खुर्चीवर बसण्याआधीच काउंटरवर सांगितले, "अगोदर मोठा फोटो काढून आणा." मी काढून आणला. डॉक्टरांनी फोटो पाहिला, मग तोंड पाहिले. दुखणे साधे होते, दुधाची दाढ हलत होती आणि तिच्यात अन्न अडकत होते. ते आरशानेही दिसले असते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पहिला फोटो घरी विसरलो, म्हणून आणखी एक निघाला. दोन्ही वेळा मी तोंडातून शब्द काढला नाही. शेतात माती परीक्षणाशिवाय खताची शिफारस न करणारा मी, इथे मात्र तपासणीआधीच शिफारस मुकाट्याने मान्य करून आलो.

फोटो लिहून देण्याचा खरा नियम असा आहे. डॉक्टरने आधी रोग्याची हकीगत ऐकावी, तोंड तपासावे, जुना फोटो असल्यास पाहावा, आणि मगच ठरवावे. 'नवा रोगी आला की फोटो', 'सहा महिने झाले की फोटो' असा सरसकट नियम शास्त्राला मान्य नाही. आपण तोडणी कार्यक्रम लावताना प्लॉटमधले मोजके ऊस टोचून हँड रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघतो. ब्रिक्स न बघता तोड देत नाही, आणि उगाच रोज प्रत्येक ऊस टोचत बसत नाही. दोन्हीकडे तारतम्य एकच.

फोटोची गरज साधारणपणे या वेळी असते :

(अ) दाढेत ठणका आहे, गरम-गार लागते, चावताना दुखते किंवा हिरडीवर पुटकुळी येऊन पू येतो. अशा वेळी मुळाशी काय चालले आहे ते पाहण्यासाठी.

(आ) दोन दाढा एकमेकींना चिकटून आहेत व त्यांच्या मधल्या फटीत कीड असल्याचा संशय आहे. ही जागा डोळ्यांना दिसत नाही.

(इ) अक्कलदाढ आडवी अडकली आहे, किंवा अवघड दाढ काढायची आहे. मुळे वाकडी आहेत का, जबड्यातील नस किती जवळ आहे, हे आधी कळावे म्हणून.

(ई) रूट कॅनालचा उपचार चालू आहे. यात सुरुवातीला, मुळाची लांबी मोजताना आणि शेवटी, असे दोन-तीन लहान फोटो लागतात. 'डॉक्टर उगाच फोटो वाढवतोय' असा संशय इथे घेऊ नये.

(उ) हिरड्यांच्या रोगाने दात हलू लागले आहेत, आणि हाड किती झिजले ते पाहायचे आहे.

(ऊ) बैलगाडीवरून किंवा मोटरसायकलवरून पडून दातांना, जबड्याला मार लागला आहे.

(ए) मुलाचा कायमचा दात वेळ उलटून गेली तरी आलेला नाही.

ज्यांना काही त्रास नाही, कीड नाही, त्यांचे काय? अमेरिकेतील दंतवैद्यांची संघटना व तेथील औषध प्रशासन यांनी २०१२ साली मिळून दिलेल्या मार्गदर्शनात असे आहे की, कीड नसलेल्या व धोका कमी असलेल्या मोठ्या माणसाला दाढांमधल्या फटी पाहण्याचा फोटो दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. कीड वारंवार लागत असेल तर सहा ते अठरा महिन्यांनी. म्हणजे फोटोचे पत्रक कॅलेंडरवरून ठरत नाही, माणसाच्या तोंडावरून ठरते. शिबिरात ज्यांना चिठ्ठी मिळाली नाही, त्यांची तपासणी अर्धवट झाली असे नाही. तपासणी पूर्ण झाली आणि फोटोची गरज नाही असे ठरले, हाच तिचा निकाल.

आपण सभासदांनी डॉक्टरला नम्रपणे एकच प्रश्न विचारायला शिकावे : "डॉक्टर, या फोटोमुळे उपचारात काय फरक पडणार?" चांगला डॉक्टर रागावत नाही, दोन वाक्यांत सांगतो. उत्तर पटले तर फोटो जरूर काढावा, मागे-पुढे पाहू नये.

५. फोटोत काय दिसत नाही?

हा मुद्दा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा. आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि चोरून मिळणारा गुटखा तोंडात असणारी माणसे घरोघर आहेत. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांनंतरही न भरणारा व्रण, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, ही लक्षणे दिसली तर दाताचा फोटो काढून समाधान मानू नये. कातडीतला असा रोग सुरुवातीला फोटोत उमटत नाही. तिथे डॉक्टरने डोळ्यांनी पाहणे आणि जरूर तर लहान तुकडा काढून तपासणे, हाच मार्ग. 'फोटो निर्मळ आला, म्हणजे काही नाही' असे समजून थांबलेला माणूस मोलाचे महिने वाया घालवतो.

६. फोटोच्या खोलीत घ्यायची काळजी

किरणांपासून बचावाची तीन साधने : वेळ, अंतर आणि आडोसा.

वेळ : किरण जितका कमी वेळ, तितकी मात्रा कमी. डिजिटल सेन्सर किंवा वेगवान फिल्म असेल तर थोड्या किरणांत काम होते. आपल्या हातात आहे ते एवढेच, की सांगितल्यावर हलू नये. हललो की फोटो पुसट येतो आणि दुसरा काढावा लागतो, म्हणजे मात्रा दुप्पट. कानातली, नाकातली, काढता येणारी कवळी आधीच काढून ठेवावी.

अंतर : बत्तीपासून दुप्पट लांब गेलो की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट लांब गेलो की नववा हिस्सा. किरणांचेही तसेच. म्हणून फोटो काढणारा माणूस भिंतीआड किंवा निदान दोन मीटर दूर आणि झोताच्या वाटेबाहेर उभा राहतो. "डॉक्टर स्वतः पळतो, म्हणजे धोका असणारच," असे आपल्याकडे बोलतात. तसे नाही. आपला फोटो वर्षातून एखादा, त्याचे रोज कित्येक. फवारणी करणाऱ्या गड्याने तोंडाला फडके बांधले म्हणून ते रान विषारी ठरत नाही.

आडोसा : यंत्राच्या तोंडाशी झोत आखूड करणारी नळी असते. गोल नळीऐवजी फिल्मच्याच आकाराची चौकोनी नळी वापरली तर मात्रा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येते. पाट बांधून पाणी सरीतच सोडावे, बांधावर नको, तसेच हे. शिशाच्या एप्रनविषयी मात्र नवी माहिती आहे. अमेरिकन दंतवैद्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली सांगितले की आधुनिक यंत्रावर दातांच्या फोटोसाठी शिशाचा एप्रन व गळपट्टा यांची आवश्यकता राहिलेली नाही. कधी कधी तो झोताच्या आड येतो आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी एप्रन घालतात. घातला तर हरकत नाही, पण खरे संरक्षण यंत्राच्या तोंडाशी आणि डॉक्टरच्या निर्णयात आहे, हे ध्यानी ठेवावे.

आणखी एक. तोंडातील फिल्म दवाखान्यातील माणसाने आपल्या बोटांनी धरू नये. केल्स यांची गोष्ट आठवावी. त्यासाठी होल्डर नावाचे साधन असते. लहान मूल बसतच नसेल तर त्याला धरायला घरातील मोठ्या माणसाने थांबावे, स्वतः एप्रन घालावा व झोतात येऊ नये. गरोदर बाईने मात्र मुलाला धरू नये.

७. गरोदर बाई आणि लहान मुले

दिवस गेले असतील तर ते डॉक्टरला आधी सांगावे. ज्या फोटोची घाई नाही तो बाळंतपणानंतर काढता येतो. पण दाढेत पू झाला असेल, ताप असेल, तर लहान फोटो टाळून दुखणे अंगावर काढू नये. झोत तोंडावर असतो, पोटापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. पुवाचा त्रास आई व बाळ दोघांनाही त्याहून जास्त.

मुलांचे शरीर वाढते असते आणि पुढे आयुष्यही मोठे असते, म्हणून किरणांचा धोका त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त धरतात. मुलांच्या बाबतीत 'गरज आहे का?' हा प्रश्न दोनदा विचारावा. माझ्या मुलीच्या वेळी मी तो एकदाही विचारला नाही.

८. फोटो जपून ठेवा

फोटो निघाला की तो मागून घ्यावा. फिल्म असेल तर पाकिटावर नाव, तारीख व कोणता दात ते लिहावे. डिजिटल असेल तर मोबाईलवर घ्यावा. सातबारा, पासबुक, ऊस नोंदीच्या पावत्या आपण एका पिशवीत जपून ठेवतो, त्याच पिशवीत हे पाकीट ठेवावे आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना बरोबर न्यावे. त्यामुळे दुसरा फोटो वाचतो, पैसे वाचतात आणि जुन्या-नव्यात फरक काय पडला तेही कळते.

शेवटी आमच्या सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. "तवाच फोटो काढला असता तर?" तर मुळाशी साठलेला पू ऑक्टोबरातच दिसला असता. रूट कॅनाल करून किंवा दाढ काढून काम भागले असते. मानेवर चीर पडली नसती, आणि त्यांचा ऊस गाडीत भरताना ते बांधावर उभे असते. त्यासाठी किरण लागले असते एका दिवसाच्या निसर्गाएवढे. त्या दिवशी मला हे सांगता आले नाही, कारण मलाही ठाऊक नव्हते.

तरी सर्व सभासद व तोडणी मजूर बंधू-भगिनींना विनंती की, चिठ्ठी मिळाली असेल तर ती चुन्याला वापरू नये. मिळाली नसेल तर फोटोसाठी हट्ट धरू नये. ज्यांच्याकडे शिबिरातील चिठ्ठी अद्याप पडून आहे त्यांनी ती घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे. कोणता दात, कोणता फोटो, कुठे जायचे, हे चिटबॉय वाचून सांगतील. त्यांना न समजल्यास मी आहेच.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते